अल्विना मामीचे नियम

माझी अल्विना मामी अजून आहे. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, साखरेने पायाचं एक बोट नेलं. पण जीभ जागेवर आहे, आणि मामीचा सगळा संसार त्या जिभेवरच चालत आलाय. ती सरळ चेहऱ्याने जे सांगेल ते आधी उन्हात वाळवावं, मग चाळणीतून काढावं आणि उरेल त्यातलं निम्मं मानावं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ते त्यांचं नशीब.

ही सरळ चेहऱ्याची विद्या ती शाळेत शिकली. आम्हा मूळच्या लोकांच्या पोरांसाठी गोऱ्यांच्या सरकारने काढलेली निवासी शाळा होती, आपली भाषा बोललं की तोंडात साबण कोंबायचे. मामीने तिथल्या मेट्रनबाईंना पटवून दिलं की आमच्यात मंगळवारी केस भिजले तर मुलगी मुकी होते. बाईंना मुक्या मुली नको होत्या, कारण रविवारी चर्चमध्ये गायला मुली लागायच्या. त्या हिवाळ्यात मंगळवारच्या गार पाण्यातून सगळ्या मुली सुटल्या. शाळेच्या दाखल्यावर लिहिलंय की अल्विनाला शिवण, इस्त्री आणि इंग्रजी येतं. मुख्य विषय लिहायचा राहून गेला.

माझ्या मामालाही तिने असंच गाठलं. नाचाच्या मांडवात अ‍ॅकॉर्डियन वाजत होता, मामा नदीपलीकडच्या गावचा, कोपऱ्यात टोपी सावरत उभा. ही जाऊन त्याला म्हणाली, आमच्या गावात ज्याचा पाय बाईच्या पायावर पडेल त्याने पुढची तीन गाणी तिच्याशीच नाचायचं असतं. मामाने मुकाट मानलं. पाय तिनेच त्याच्या बुटाखाली सरकवला होता, हे त्याला लग्नानंतर कळलं. तो म्हणायचा की मला आधीच कळलं होतं. दोघांतलं कोण खरं बोलतंय यावर त्यांचं उभं आयुष्य मजेत गेलं.

मी ज्या हिवाळ्याची गोष्ट सांगतोय त्याच्या काही वर्षं आधी मामा गेला. आमच्यात माणूस गेला की त्याचं अंथरूण, कपडे, खोगीर सगळं जाळतात आणि त्याचं नाव घेणं बंद करतात. नाव घेतलं की त्याला हाक ऐकू जाते, तो मागे वळतो, आणि त्याची पुढची वाट मोडते. म्हणून तो आम्हा भाच्यांच्या बोलण्यात नुसता ‘मामा’ आणि मामीच्या बोलण्यात ‘घरचा माणूस’. नाव जिथल्या तिथे थांबलं.

आता कालव्याचं सांगतो.

आमची हीला नदी नकाशात निळी आहे. प्रत्यक्षात तिच्यात वाळू आहे आणि वाळूत सरडे. पणजोबांच्या काळात वरच्या अंगाच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पाणी वळवून घेतलं आणि आम्हाला नदीचं नाव तेवढं ठेवलं. नंतर शंभर वर्षांनी सरकारला आठवण झाली, आणि लांबच्या कोलोरॅडो नदीचं पाणी सिमेंटच्या कालव्याने आणायचं ठरलं. पाणी आम्हाला हवंच होतं, त्याला कोणी नाही म्हणत नव्हतं. पण यंत्रं लागण्याआधी जमिनीखाली काय आहे ते बघायचा कायदा होता. म्हणून एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात विद्यापीठाची माणसं दोऱ्या, खुंट्या, थाप्या आणि कुंचले घेऊन आली.

जमिनीखाली काय आहे हे सांगायला खणायची गरज नव्हती. जुनी माणसं आहेत. आम्ही त्यांना हुहुगाम म्हणतो, म्हणजे होऊन गेलेले. पुस्तकवाले होहोकाम लिहितात. त्यांची घरं, चुली, खापऱ्या, आणि त्यांचे कालवे. विद्यापीठवाल्यांनी पहिला चर मारला तर नव्या कालव्याच्या खुंट्यांखालीच जुन्या कालव्याचा पाट निघाला, जवळपास त्याच उताराचा.

“बघ,” मामी म्हणाली, “हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या काठीने खणलेलं पुन्हा खणायला सरकारला एवढे इंजिनियर लागले.”

गावातले आम्ही काही जण कामाला लागलो. मी पाण्याची टाकी ओढणारी पिकअप चालवायचो आणि उरलेला वेळ चरात उकिडवा बसायचो. हार्लन नावाचा माझा दोस्त चाळणी हलवायचा. मामी मांडवात बसून खापऱ्या धुवायची. मांडव म्हणजे मेस्कीटच्या झाडाचे चार खांब आणि वर काट्याकुट्यांचं छप्पर. आमच्याकडे घर नसलं तरी चालतं, मांडव लागतो.

उत्खननाचा प्रमुख होता केंट लिंडहोम. उंच, लाल कानांचा, चांगला माणूस. जेवणाच्या सुट्टीला विद्यापीठाचे लोक आपापली पावाची पुडकी उघडायचे, आणि हा मात्र मामीच्या पातेल्याशेजारी येऊन बसायचा. टेपरी घेवड्याच्या दाण्यांचं कालवण आणि हातभर पातळ रोटी. दुसऱ्या आठवड्यापासून मामी त्याला जावई म्हणायला लागली.

“या जावईबापू, बसा. मला मुलगी नाही, पण जावई मात्र वेळेवर येतो.”

केंटला मामीचं सगळं ऐकायचं असायचं. तिथेच तो फसला. आमच्या पंचायतीने विद्यापीठाला एकच अट घातली होती: जुन्यांच्या जागेत हात घातलेल्या प्रत्येकाने संध्याकाळी ग्रीसवुडच्या झुडपाच्या धुरातून जायचं आणि मगच घरी जायचं, नाहीतर आजार मागे लागतो. ती अट खरी होती. धूर करायचं काम मामीकडे आलं. केंटने अगदी नम्रपणे विचारलं, “आणखी काही पाळायचं असतं का?”

असं मामीला कोणी विचारू नये.

मामीने हात पुसले, डोंगराकडे बघितलं आणि म्हणाली, “शीळ घालायची नाही. जुन्यांना चालत नाही.” केंट सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच गाणं शिळेवर वाजवायचा, तेही चुकीचं. ते बंद झालं. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात मामीचे आभार मानले, आणि आमचंही पाप तिथेच सुरू झालं.

मग दर आठवड्याला एकेक नियम निघू लागला. मांडवात जो पहिला टेकेल त्याने शेवटी टेकणाऱ्याला कॉफी आणून द्यायची. मामी नेहमी शेवटी टेकायची. दाढीवाल्याने सरड्याला वाट द्यायची. शुक्रवारी पूर्वेच्या खांबापाशी जुन्यांसाठी काहीतरी गोड ठेवायचं. विद्यापीठाची मुलं दुकानातून खोबऱ्याची बिस्किटं आणून मांडून ठेवायची आणि दुपारपर्यंत ती नाहीशी व्हायची. डॉक्टरने मामीला गोड बंद केलं होतं. ती म्हणायची, मी कुठे खाते, मी जुन्यांच्या वतीने खाते.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे डाव्या पायाचा नियम. चर ओलांडताना डावा पाय आधी पलीकडे टाकायचा नाही. आता माणूस चालता चालता चरापाशी पोचतो तेव्हा कुठला पाय पुढे येईल हे काय त्याच्या हातात असतं? विद्यापीठाची सगळी माणसं चराच्या काठाशी येऊन थबकायची, खाली बघायची, एक लहानशी उडी मारून पाय बदलायची आणि मग ओलांडायची. लांबून पाहिलं तर वाटायचं, ह्यांना नाचायला शिकवायला कोणीतरी चुकीचा माणूस ठेवलाय. एकदा विद्यापीठातून एक बडे प्राध्यापक आले, चकचकीत बूट घालून. केंटने त्यांना कानात नियम सांगितला. प्राध्यापकांनी उडी मारली, पाय बदलला, तोल गेला आणि ते थेट हजार वर्षांपूर्वीच्या कालव्यात बसले. हार्लन चाळणीआड तोंड लपवून इतका थरथरत होता की चाळणी आपोआप चालू राहिली.

आम्ही गावचे लोकही उजवाच पाय टाकत होतो. गंभीर चेहऱ्याने. कोणी विचारलं तर मान डोलवत होतो. मामीला उघडं पाडायचं म्हणजे आपलीच करमणूक बंद करायची, आणि आमच्या गावात टीव्हीवर दोनच चॅनेल दिसायची.

फोडलं ते मामीच्या नणंदेने. बर्निस मावशी म्हणजे मामाची धाकटी बहीण, माझ्या आईच्या पाठची. ती एका दुपारी मामीला रोट्या द्यायला आली आणि केंटने तिच्यासमोर चराशी उडी मारली.

“पोटऱ्या आखडल्यात का तुझ्या?” मावशीने विचारलं.

केंटने तिला तिच्याच गावचा नियम समजावून सांगितला. मावशी आधी ऐकत राहिली. मग तिने मामीकडे पाहिलं. मामी एका खापरीवरचा न निघणारा डाग घासत होती. मावशी जी हसायला लागली ती मांडवाचा खांब धरून खाली बसली, आणि बसल्या बसल्या तिने सगळे नियम उलगडून घेतले, एकेकावर नव्याने हसत. बिस्किटांपाशी पोचली तेव्हा तिला पाणी द्यावं लागलं.

केंटचे कान डाळिंबासारखे लाल झाले. “म्हणजे डाव्या पायाचंही खोटं?”

“साफ खोटं.”

“मी ते विद्यापीठाला कळवलंय,” तो म्हणाला. “तिथे एकाने त्यावर भाषणही दिलं.”

मामी म्हणाली, “मग त्याला पुढचं भाषण उजव्या पायावर द्यायला सांगा, जावईबापू.”

केंट हसला. मोठ्या मनाचा होता, म्हणून हसला, पण ते हसू कानांपर्यंत पोचलं नाही. त्याने मावशीला विचारलं की खरं काय ते आता तुम्हीच सांगा. मावशीने तेव्हा नीट उत्तर दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण नणंद भावजयीच्या मागे कशी राहील? तिने चेहरा सरळ केला आणि म्हणाली, “खरी रीत एकच. ज्याला शहाणं केलं त्याने शहाणं करणाऱ्या बाईला गाडीतून घरी सोडायचं. वाटेत तिची कामं असतील ती करून.”

केंट तिला घेऊन सॅकटन गावाला गेला. कपडे धुवायच्या दुकानात दोन मशीन भरून धुणं, मग टपाल, मग कोंबड्यांचा दाणा, मग तिच्या मैत्रिणीला हॉस्पिटलमधून आणणं. संध्याकाळी परत आला तेव्हा हीही रीत खोटी हे त्याला कळलं होतं. तो मांडवात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आजपासून धूर सोडून या गावाचा एकही नियम मी मानणार नाही. कोणीही सांगितला तरी.” आणि शीळ घालत निघून गेला.

आम्ही त्या दिवशी खूप हसलो. नंतर बरेच दिवस मला त्या हसण्याची लाज वाटत राहिली.

कारण पुढच्याच आठवड्यात माझ्या थापीला मडकं लागलं. कालव्याच्या मधल्या रेषेवर, गुडघाभर खाली. अख्खं मडकं, तोंडावर पालथा वाडगा. केंटने स्वतः कुंचल्याने माती काढली आणि वाडगा अलगद उचलला. आत राख होती, आणि राखेत हाडांचे पांढरे तुकडे. त्या लोकांत काही जण आपली माणसं जाळून अशी ठेवायचे.

मी थापी खाली ठेवली आणि चरातून वर आलो. हार्लनची चाळणी थांबली. मामी ओल्या हातांनी आली, वाकून बघितलं, आणि परत मांडवात जाऊन बसली. तिथे विनोद झाला नाही, याची नोंद केंटने घ्यायला हवी होती. पण त्याला तेव्हा मडकं दिसत होतं.

यंत्रं सोमवारी लागणार होती. त्यामुळे मडकं तिथे राहणं शक्यच नव्हतं. विद्यापीठाची रीत अशी की असं काही निघालं की मोजायचं, फोटो काढायचे, गवतात गुंडाळून खोक्यात भरायचं आणि शुक्रवारच्या ट्रकने पाठवायचं. तिथे तळघरात फळ्या आहेत. मी पाहिल्यात. फळ्यांवर खोकी आणि खोक्यांवर आकडे.

मामी गुरुवारी सकाळी केंटकडे गेली. मी तिच्या मागे होतो.

“हे न्यायचं नाही,” ती म्हणाली. “डोंगराच्या पायथ्याशी आम्ही पुन्हा पुरू. जाळलं ते जायला मिळावं म्हणून जाळलंय. फळीवर ठेवलंत तर ते अडकून बसेल.”

केंट हसला. “पुरताना डावा पाय पुढे की उजवा?”

“मी थट्टा करत नाहीये.”

“तू डाव्या पायाच्या वेळीही हाच चेहरा केला होतास, अल्विना.”

आणि ते खरं होतं. तोच चेहरा होता. तिच्याकडे दुसरा चेहराच नव्हता. साबणाच्या शाळेतून ती एवढा एकच घेऊन बाहेर पडली होती.

मी मध्ये पडलो. म्हटलं, केंट, हे खरंच आहे. तो म्हणाला, “एल्डन, महिनाभर तूही चराशी उड्या मारत होतास.” हार्लनने सांगितलं, त्यालाही तेच उत्तर. बर्निस मावशीला बोलावून आणलं तर तिला बघूनच त्याने आपल्या गाडीची चावी खिशात घातली. आम्ही सगळेच एका माळेचे मणी.

तो दुष्ट नव्हता, हे पुन्हा सांगतो. त्याने नंतर मला बाजूला घेऊन नीट समजावलं. गावाची खरी रीत असेल तर मडकं इथेच ठेवायची परवानगी तो फोनवर मागू शकत होता, आणि ती कदाचित मिळालीही असती. “पण मी फोनवर काय सांगू? ज्या बाईमुळे प्राध्यापक कालव्यात बसले, तिचं म्हणणं आहे म्हणून? ते फोनवरच हसतील. आणि मला स्वतःलाच खात्री नसेल तर मी कशाच्या जोरावर भांडू?” पंचायतीची बैठक पंधरवड्यानंतर होती. ट्रक दुसऱ्या दिवशी.

मी मामीला घरी सोडताना हे सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “बिस्किटं महागात पडली.”  

शुक्रवारी ट्रक आला. खोकं मांडवाबाहेर तयार होतं, दोरी बांधून, वर आकडा लिहून. ड्रायव्हर हातमोजे चढवत त्याच्याकडे निघाला, तेवढ्यात मामी चर्चचा निळा झगा घालून आली, सरळ चालत गेली आणि खोक्याशेजारच्या दुसऱ्या रिकाम्या खोक्यावर बसली, पाय मात्र असे पसरले की मडक्याच्या खोक्याला हात घालायचा तर तिच्या पायांवरून जावं लागावं. मामी काही बारीक बाई नाही. ड्रायव्हर थांबला.

“बाई, जरा सरकता?”

“नाही. दमलेय.”

“किती वेळ?”

“वय झालं रे. सांगता येत नाही.”

विद्यापीठाची मुलं हसायला लागली. ड्रायव्हरने मांडवात जाऊन कॉफी घेतली. बर्निस मावशी मामीच्या मागे उभी होती, आपल्या शालीचं टोक पिळत. केंट आला. तोही हसतच आला, पण दमलेला दिसत होता.

“हा आता कुठला नियम, अल्विना?”

“बस,” मामी म्हणाली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“केंट,” ती म्हणाली. तिने त्याला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. “तू माझ्या हातचं एवढे दिवस जेवलास. माझ्या घरच्या माणसाच्या गोष्टी ऐकल्यास. नाचाची, खोगिराची, तो खेचरावरून पडला ती. खरं ना?”

“खरं.”

“त्याचं नाव काय होतं?”

केंटने कपाळ चोळलं. तो आठवू लागला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, हार्लनकडे पाहिलं. “कोणी सांगितलं नाही,” तो म्हणाला. “तू नेहमी ‘घरचा माणूस’ म्हणतेस.”

“एल्डन त्याचा भाचा. ही त्याची बहीण. यांच्या तोंडून कधी ऐकलंस?”

“नाही.”

“का नाही घेत आम्ही ते, माहितेय? घेतलं तर त्याला ऐकू जातं. तो वळतो. गेलेल्या माणसाला परत बोलावणं याच्यापेक्षा वाईट आम्हाला काही ठाऊक नाही. मी तुला खोटे नियम सांगितले, कारण ते मोडले तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. हा मोडते, बघ.”

“अल्विना, नको,” बर्निस मावशी म्हणाली.

मामीने मामाचं नाव घेतलं. पुटपुटली नाही, मोठ्याने, पहिलं नाव, मधलं आणि आडनाव, जेवायला हाक मारताना मारायची तसं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

मावशीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हार्लनने चाळणी जमिनीवर टाकली आणि तो मागे न बघता माळावर चालत सुटला, ग्रीसवुडच्या झुडपांकडे. मी पायांकडे बघत राहिलो, कारण वर बघितलं तर मामा उभा दिसेल असं मला खरोखर वाटलं. आम्ही सगळे मिळून महिनाभर केंटला फसवत होतो, पण आमचे चेहरे असे त्याने एकदाही पाहिले नव्हते.

मामी रडत नव्हती. तिची हनुवटी फक्त हलत होती, आणि ती तिला थांबवता येत नव्हती.

केंट उठला. त्याने टोपी काढली. ड्रायव्हरला म्हणाला की आज काही न्यायचं नाही, आणि फोन करायला गाडी घेऊन गेला. फोनवर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण तो परत आला तेव्हा त्याचे कान आणि गळा दोन्ही लाल होते आणि आवाज बसला होता. “राहील,” तो म्हणाला. मग मामीला उठवायला आम्ही दोघं जण लागलो, कारण तिचे पाय खरंच झोपले होते.

त्याच दुपारी डोंगराच्या पायथ्याशी आम्ही मडकं पुरलं, वाडगा पालथा घालून, होतं तसं. केंटने विचारलं मी कुठे उभा राहू. मामी म्हणाली, “कुठेही राहा, गप्प राहा.”  सोमवारी यंत्रं लागली. कालवा आज तिथून वाहतो, आणि त्या पाण्यावर माझं कापसाचं शेत आहे.

पण मामीने मामाला हाक मारली होती, ती काही परत घेता येत नव्हती. बर्निस मावशी त्या दिवशी तिच्याशी न बोलता घरी गेली. भाऊ तिचा होता. आठवडा झाला तरी रोट्या आल्या नाहीत, निरोप आला नाही. मामी कामाला आली नाही. केंट दोनदा विचारून गेला. शेवटी एका सकाळी मावशीच माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, “मला तिच्याकडे सोड. तिचं काही खरं नाही. आणि बोलू नकोस.”

मामी तिच्या मांडवात बसून टेपरीच्या शेंगा सोलत होती. डोळे सुजलेले होते. मावशी समोर बसली, मधे सूप ओढलं, तीही सोलायला लागली.  कोंबडी येऊन एक दाणा घेऊन गेली, तरी कोणी तिला हाकललं नाही.

मग मावशीने खाली बघतच विचारलं, “आला होता का?”

“आला,” मामी म्हणाली. “मेस्कीटवर बसला होता.” आमच्यात गेलेलं माणूस घुबड होऊन येतं.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, एवढ्या मोठ्याने नाव घेतलंस, मला वाटलं कालवण झालं. मी म्हटलं, कालवण नाही, काम होतं. झालं. तर म्हणाला, म्हणजे मेल्यावरही मला कामालाच जुंपणार.”

मावशीच्या तोंडून हसू निसटलं. ती ते दाबायला गेली आणि ते नाकातून बाहेर आलं, आणि मग ती हसतच राहिली, डोळे पुसत, कारण बोलणं अगदी मामाचंच होतं, शब्दाशब्दाला. खरंच आला होता की मामीने रचलं, ते मी विचारलं नाही. मावशीनेही नाही विचारलं.

“रागावला होता?”

“थोडा. मी म्हटलं, आता जा, पुन्हा नाही बोलावणार. गेला.”

मावशी पुन्हा सोलायला लागली. एक शेंग, दोन शेंगा. मग हात थांबले.

“दिसायला कसा होता गं?”

 मामीने सुपातले दाणे हाताने सारखे केले.

“बारीक झालाय,” ती म्हणाली.